सरासरीत नसलेली चार मिनिटं

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ, बाहेर धो धो पाऊस, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू धापा टाकत आमच्या दारात. काकांच्या छातीत कळ येत होती, अंगाला दरदरून घाम सुटला होता. मी रुग्णवाहिकेसाठी एका मदतवाहिनीला फोन लावला. पलीकडून ध्वनिमुद्रित आवाज आला: आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत, कृपया थांबा. मग संगीत. मग पुन्हा तोच आवाज. मधल्या वेळात काकूंनी त्यांच्या मोबाइलवरून तोच नंबर फिरवला, समोरच्या घरातल्या मुलानंही फिरवला. एका पेशंटसाठी तीन फोन एकाच रांगेत उभे. शेवटी तो मुलगाच खाली पळाला आणि नाक्यावरच्या रिक्षावाल्याला घेऊन आला. काकांना रिक्षात बसवलं आणि मी फोन ठेवून दिला. माझ्या मोबाइलच्या नोंदीत त्या कॉलची लांबी अजून दिसते: ४ मिनिटं ११ सेकंद. काका वाचले. स्टेंट घातला, आता संध्याकाळी बागेत फेऱ्या मारतात.

महिन्याभरानं एका कार्यक्रमात त्या यंत्रणेतले एक अधिकारी भेटले. मी हा किस्सा सांगितला. ते शांतपणे म्हणाले, “सर, वाईट वाटलं ऐकून. पण आमचा फोन सरासरी एका मिनिटाच्या आत उचलला जातो. रेकॉर्ड आहे.”

ते खोटं बोलत नव्हते. मी कॉलेजात दूरसंचार शिकवतो, आणि दरवर्षी फळ्यावर जे गणित मांडतो त्यात त्यांची सरासरी आणि माझी चार मिनिटं अगदी गुण्यागोविंदानं एकत्र नांदतात. या गणिताला क्यूइंग थिअरी म्हणतात, म्हणजे रांगेचा सिद्धांत. तो जन्मला टेलिफोनच्या पोटी, वाढला इंटरनेटच्या घरी, आणि आज रुग्णवाहिकेच्या फोनपासून डॉक्टरांच्या व्हिडिओ कॉलपर्यंत सगळीकडे तोच लागू पडतो. परीक्षेपुरता तो आपल्याकडे हजारो मुलं घोकतात. यंत्रणा चालवताना मात्र त्याची आठवण कमीच होते, अशी माझी तक्रार आहे.

सुरुवात कोपनहेगनला झाली. आग्नेर क्रारुप एर्लांग हा १८७८ साली जन्मलेला डॅनिश गणितज्ञ. शाळांमधून शिकवायचा. योहान येन्सेन हे तेव्हाचे नावाजलेले गणिती कोपनहेगन टेलिफोन कंपनीत मुख्य अभियंता होते. त्यांच्या ओळखीतून १९०८ मध्ये एर्लांग कंपनीत आला. कंपनीपुढचा प्रश्न सरळ होता. गावात इतके टेलिफोन आहेत. एक्स्चेंजमध्ये तारा किती टाकायच्या आणि ऑपरेटर बायका किती बसवायच्या? प्रत्येक ग्राहकाला एक तार दिली तर कंपनी बुडेल, तारा कमी टाकल्या तर लोक शिव्या देतील. एर्लांगनं १९०९ मध्ये दाखवून दिलं की फोन येण्याच्या वेळा लहरी वाटल्या तरी त्या लहरीला नियम आहे. मग १९१७ मध्ये त्यानं दोन सूत्रं दिली. सगळ्या तारा व्यस्त असल्यावर फोन परतवून लावला जात असेल तर किती फोन परत जातील, हे पहिलं सूत्र सांगतं. फोन परत न लावता थांबवून ठेवत असतील तर किती जणांना किती वेळ थांबावं लागेल, हे दुसरं सांगतं. कोपनहेगनच्या रस्त्यांवरच्या मॅनहोलमध्ये शिडी लावून तो स्वतः मोजमापं घ्यायला उतरायचा, असं सांगतात. १९२९ साली तो गेला. १९४६ मध्ये टेलिफोनच्या वर्दळीच्या एककाला त्याचं नाव देण्यात आलं. एक तार तासभर सतत व्यस्त असेल तर ती एक एर्लांग वर्दळ. (सकाळी सकाळी आपण सुप्रभातचे फुलाफुलांचे संदेश ज्या व्हॉट्सॲपवरून ढकलतो, त्याचे सर्व्हर ज्या संगणकभाषेत लिहिले आहेत तिचंही नाव एर्लांग.)

आता गणिताकडे. घाबरू नका, सरकारी दवाखान्यातल्या केसपेपरच्या खिडकीपाशी उभं राहून ते कळतं. समजा, खिडकीवरचा कारकून सरासरी एका मिनिटाला एक केसपेपर काढतो. कुणाचा अर्ध्या मिनिटात होतो, कुणाचा आधार क्रमांक सापडत नाही म्हणून तीन मिनिटं जातात. म्हणजे तासाला ६० माणसांची ताकद. लोक आपापल्या सोयीनं, कसेही येतात. तासाला ३० जण येत असतील, तर दीर्घकाळाच्या हिशेबात एकेकाला रांगेत सरासरी १ मिनिट उभं राहावं लागतं. ४८ जण आले तर ४ मिनिटं. ५४ आले तर ९ मिनिटं. इथपर्यंत ठीक. आता ५४ चे ५७ होऊ द्या. तासाला फक्त तीन माणसं वाढली, आणि प्रतीक्षा झाली १९ मिनिटं. आणखी दोन वाढली, ५९ झाली, की सरासरी ५९ मिनिटं. ताकद अजूनही ६० चीच आहे आणि माणसं ६० पेक्षा कमीच आहेत. कारकून कामचुकार झालेला नाही, लोक बेशिस्त झालेले नाहीत. तरी रांग फाटकाबाहेर गेली.

हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला पटत नाही. आपली बुद्धी त्रैराशिकाला सरावलेली: माणसं दहा टक्क्यांनी वाढली तर वेळही दहा टक्क्यांनी वाढावा. रांग तशी वाढत नाही. यंत्रणा जसजशी भरत जाते तसतशी रांग आधी सावकाश, मग भराभर, आणि शेवटी एकदम आकाशाला भिडते. कारण असं की रिकामा गेलेला क्षण परत येत नाही. सकाळी दहा मिनिटं खिडकीवर कुणी नव्हतं, ती दहा मिनिटं साडेदहाच्या गर्दीसाठी साठवून ठेवता येत नाहीत. गर्दीचं देणं तेवढं साचत राहतं. ते फेडायला मोकळा वेळ लागतो आणि काठोकाठ भरलेल्या यंत्रणेत तोच नसतो.

आता मदतवाहिनीकडे या. समजा, तासाला २०० फोन येतात आणि प्रत्येक फोनवर सरासरी ३ मिनिटं बोलणं होतं: पत्ता, खूण, पेशंटची अवस्था. म्हणजे १० एर्लांग. सतत बोलत राहिले तरी किमान दहा ऑपरेटर लागणारच. दहावर तर रांग कधी सरणारच नाही, म्हणून अकरा बसवू. एर्लांगच्या दुसऱ्या सूत्रात आकडे घातले की सरासरी प्रतीक्षा येते सुमारे २ मिनिटं. बारा बसवले तर सुमारे ४० सेकंद. चौदा बसवले तर ८ सेकंद. बाराव्या माणसानं प्रतीक्षा दोन तृतीयांशानं खाली आणली. असा कामसू कर्मचारी कोणत्या कचेरीत मिळतो? तरी खर्चाच्या तक्त्यात तो ‘अतिरिक्त’ म्हणूनच दिसणार.

बारा ऑपरेटर आणि ४० सेकंद, इथेच थोडं थांबू, कारण त्या अधिकाऱ्यांचं ‘सरासरी एका मिनिटाच्या आत’ इथे खरं ठरतं. या ४० सेकंदांत कोण कोण आहे? सूत्र सांगतं की शंभरातल्या पंचावन्न जणांचा फोन लगेच उचलला जातो. त्यांना वाटतं, काय सुंदर सेवा आहे! आठ-नऊ जणांतला एक मात्र २ मिनिटांहून जास्त थांबतो. आणि शंभरातले तिघे ४ मिनिटांहून जास्त. तासाला २०० फोन, म्हणजे दर तासाला सहा जण. सरासरी ४० सेकंद आणि दर तासाला सहा घरांत चार-चार मिनिटं संगीत, या दोन्ही गोष्टी एकाच तक्त्यातून निघतात. हृदयविकाराचा झटका सरासरी पाहून येत नाही.

आणि हे गणित अजून उदारच आहे. यात धरलंय की दर तासाला सारखेच फोन येतात आणि फोन लावणारा शेवटपर्यंत थांबतो. माझं काय झालं? मी ४ मिनिटं ११ सेकंदांनी फोन ठेवला. माझा फोन कुणी उचललाच नाही. ‘उचललेल्या फोनांची सरासरी प्रतीक्षा’ काढायची असेल तर माझी चार मिनिटं त्यात येतच नाहीत. काकूंचीही नाहीत, त्या मुलाचीही नाहीत. जे सर्वात जास्त थांबले आणि कंटाळून, घाबरून, दुसरी वाट शोधून निघून गेले, ते नेमके हिशेबातून गळतात. शाळा सोडून गेलेल्या मुलांना वगळून निकाल शंभर टक्के लावण्यातलाच हा प्रकार. माझ्या मते मदतवाहिनीच्या अहवालात सोडून दिलेल्या कॉलचा आकडा पहिल्या पानावर हवा आणि सरासरी शेवटच्या.

एक फोन परत गेला की माणूस गप्प बसत नाही, हीदेखील मूळ सूत्रांतली सुटलेली बाजू. एर्लांगच्या पहिल्या सूत्रात परतवलेला फोन नाहीसा होतो. खऱ्या जगात तो रिडायल होऊन परत येतो. ११ जुलै २००६ ची मुंबई ज्यांनी पाहिली त्यांना हे सांगायला नको. संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. पुढच्या काही मिनिटांत अख्खं शहर एकमेकांना फोन लावू लागलं आणि मोबाइलचं जाळं कोलमडलं. टॉवर जागेवर होते, यंत्रं चालू होती. फक्त जो फोन लागला नाही तो लावणाऱ्यानं पुन्हा लावला, मग पुन्हा लावला. वर्दळीनं वर्दळ वाढवली. डोंबिवलीपासून विरारपर्यंत घराघरांत लोक दारात उभे राहून पायवाटेकडे बघत होते. अशा वेळी एसएमएस पोचायची शक्यता जास्त असते, कारण तो इटुकला असतो आणि रस्ता बंद दिसला तर नाहीसा न होता थांबून राहतो. ‘मी ठीक आहे’ एवढे तीन शब्द पाठवून फोन खिशात ठेवावा. आपला तो रिडायल न केलेला कॉल कुणाच्या तरी रुग्णवाहिकेला वाट देतो.

टेलिफोनची ही गोष्ट इंटरनेटवर जशीच्या तशी उतरली. फक्त तिथे रांगेत माणसांऐवजी माहितीची छोटी छोटी पाकिटं उभी असतात. लेनर्ड क्लाइनरॉक यांनी १९६२ मध्ये एमआयटीत पीएच.डी.च्या प्रबंधात संदेशांच्या जाळ्यांना रांगेचं गणित लावून दाखवलं; पुढे २९ ऑक्टोबर १९६९ रोजी इंटरनेटच्या पूर्वज असलेल्या अर्पानेटवरचा पहिला संदेश कॅलिफोर्नियातल्या त्यांच्याच प्रयोगशाळेतून गेला. ‘लॉगिन’ लिहायचं होतं, दोन अक्षरं गेली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. शुभशकुनच म्हणायचा.

खरा दणका बसला ऑक्टोबर १९८६ मध्ये. बर्कली विद्यापीठ आणि तिथलीच लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा, मध्ये अंतर जेमतेम चारशे यार्ड. त्यांच्यामधला माहितीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून थेट ४० बिटांवर आला. हजार पट नव्हे, आठशे पट घसरण. पण वापरणाऱ्याला काय फरक पडतो! तार तुटली नव्हती. रांगेत अडकलेली पाकिटं वेळेत पोचली नाहीत म्हणून पाठवणारे संगणक तीच पाकिटं पुन्हा पाठवत होते, त्यानं रांग आणखी वाढत होती. म्हणजे रिडायलचंच हे यंत्रांचं रूप. व्हॅन जेकबसन या संशोधकानं त्यावर जो उपाय १९८८ मध्ये मांडला तो एखाद्या समंजस आजीनं सांगावा तसा आहे: सुरुवात जपून करा, उत्तरं नीट येताहेत तोवर हळूहळू वेग वाढवा, आणि पाकीट हरवलं की समजा पुढे गर्दी आहे, ताबडतोब वेग कमी करा. आपलं आजचं इंटरनेट उभं आहे ते या आवर घालण्यावर.

त्यानंतर मेमरी स्वस्त झाली आणि आपण नवी चूक केली. राउटरमध्ये पाकिटांना थांबायला जी जागा असते तिला बफर म्हणतात. पाकीट हरवू नये म्हणून कंपन्यांनी बफर मोठे मोठे केले. दवाखान्यात बाकडी वाढवली की लोक बसून राहतात, डॉक्टर वाढत नाहीत. एक साधा हिशेब करा. घरातून बाहेर जाणाऱ्या माहितीचा वेग सेकंदाला १० लाख बिट, म्हणजे एक एमबीपीएस आहे. राउटरच्या बफरमध्ये एक मेगाबाइट, म्हणजे ८० लाख बिट मावतात. मुलानं लग्नाचा व्हिडिओ अपलोडला लावला की तो बफर गच्च भरतो, आणि नंतर येणाऱ्या प्रत्येक पाकिटाला ८ सेकंद रांगेत काढावे लागतात. त्याच वेळी आजी ई-संजीवनीसारख्या सेवेवर डॉक्टरांशी बोलत असेल, तर डॉक्टर विचारणार “दम कधीपासून लागतोय?” आणि आजीचं उत्तर पोचणार तेव्हा ते पुढच्या प्रश्नावर गेलेले असणार. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे की संभाषण नैसर्गिक वाटायला एका बाजूचा उशीर साधारण दीडशे मिलिसेकंदांच्या आत हवा. चारशेच्या पुढे तो सहसा जाऊच नये. इथे आठ हजार. अशा बोलण्यात श्वास किती लागलाय, वाक्य कुठे तुटतंय, हे डॉक्टरला ऐकू येणारच नाही, आणि टेलिमेडिसिनमध्ये त्याच्या हाती त्याहून जास्त फारसं काही नसतंच.

जिम गेटीस या अमेरिकी अभियंत्यानं २०१० च्या सुमारास आपल्याच घरच्या इंटरनेटची ही कुरकुर खोदून काढली आणि तिला बफरब्लोट असं नाव मिळालं. म्हणजे बफरचं पोट सुटणं. २०१२ मध्ये कॅथलीन निकल्स आणि पुन्हा तेच व्हॅन जेकबसन यांनी त्यावर औषध दिलं. रांग किती लांब आहे हे पाहू नका, पाकीट रांगेत किती वेळ आहे ते पाहा. वेळ सतत जास्त राहत असेल तर थोडी पाकिटं मुद्दाम टाकून द्या, म्हणजे पाठवणारा सावरेल. आपल्याकडच्या जाहिराती मात्र अजून शंभर एमबीपीएस, तीनशे एमबीपीएस असं ओरडत असतात. तो झाला रस्त्याच्या रुंदीचा आकडा. सिग्नलला किती वेळ उभं राहावं लागतं, हे कोणी सांगत नाही, आणि ग्राहकही विचारत नाही. घरी कुणी नियमित व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना भेटत असेल तर एक करा: मोठं अपलोड चालू असताना वेगचाचणी घ्या आणि एमबीपीएसकडे न पाहता उशिराचा आकडा, म्हणजे लेटन्सी किंवा पिंग, बघा. अपलोड बंद करून पुन्हा बघा. तफावत पाहून धक्का बसला, तर रोग काय ते कळलं.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की एर्लांगची सूत्रं डोळे मिटून वापरण्यासारखीही नाहीत. अमेरिकेतल्या बेलकोर प्रयोगशाळेत १९८९ पासून काही वर्षं संगणकजाळ्यावरची पाकिटं अतिशय बारकाईनं मोजली गेली. १९९३-९४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले तेव्हा आमच्या क्षेत्रात खळबळ उडाली. टेलिफोनच्या फोनांची गर्दी तासाभराच्या हिशेबात गुळगुळीत होते, चढउतार एकमेकांना खोडतात. या पाकिटांचं तसं नव्हतं. सेकंदात पाहा, मिनिटात पाहा, तासात पाहा, खडबडीतपणा तेवढाच. पावसासारखं: जिथे पडतो तिथे झोडपतो. अशा वर्दळीत जुन्या सूत्रानं काढलेली रांग खऱ्या रांगेपेक्षा खूपच छोटी निघते. याचा अर्थ, मी वर दिलेले आकडे हे चांगल्या दिवसाचे आहेत. २८ एप्रिल २०२१ आठवा. अठरा वर्षांवरच्या सगळ्यांसाठी कोविनवर लसीची नोंदणी दुपारी चार वाजता उघडणार होती. दिवसभराच्या सरासरीनं पाहिलं तर ती यंत्रणा तगडीच होती, कारण त्या एका दिवसात एक कोटीहून जास्त लोकांची नोंदणी झाली. पण देशातले सगळे चारच्या ठोक्याला दारात होते, आणि दार काही काळ अडकलंच. ओटीपीची वाट बघत बसलेली माणसं आठवत असतील.

मग करायचं काय? पैसे ओता, ऑपरेटर दुप्पट करा, असं म्हणणं सोपं आहे आणि कुठल्याही अर्थखात्याला ते नाकारणं त्याहून सोपं. सुदैवानं रांगेच्या गणितात एक फुकटची युक्तीही आहे. १० एर्लांग वर्दळीला शंभरात एकच फोन परत जावा असं ठरवलं तर १८ तारा लागतात. अशी दहा गावं असतील तर १८० तारा. पण दहाही गावांची वर्दळ एकत्र करून एकाच ठिकाणी घेतली, तर १०० एर्लांगला सुमारे ११७ तारा पुरतात. एका गावात गर्दी असते तेव्हा दुसरं झोपलेलं असतं, म्हणून. महाराष्ट्रात ११२ चे फोन आधी नवी मुंबई आणि नागपूर इथल्या केंद्रांवर घेतले जातात, त्यामागचा हा हिशेब योग्यच आहे. स्थानिक पोलीस ठाण्यातला माणूस आपल्या गल्लीची भाषा ओळखतो, केंद्रातला ओळखत नाही, ही तक्रारही खरी. आणि एक मेख आहेच: फोन एकत्र करता येतात, रुग्णवाहिका करता येत नाहीत. नागपुरात मोकळी उभी असलेली गाडी गडचिरोलीच्या बाळंतिणीला वेळेत मिळत नाही. फोन सात सेकंदांत उचलला, पण गाडी तासाभरानं आली, तर पहिल्या रांगेतून दुसरीत ढकलण्यापलीकडे काही झालं नाही. म्हणून दोन्ही रांगा मोजायला हव्यात.

दुसरी युक्ती प्राधान्याची. ज्यांनी ट्रंक कॉलचा काळ पाहिला त्यांना ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग या पायऱ्या आठवतील. तेव्हा पुढे जायला पैसे मोजावे लागत. मदतवाहिनीत ‘छातीत दुखतंय’ म्हणणाऱ्याला पुढे घेता येतं, पण त्यासाठी कुणीतरी फोन उचलून पहिले दहा सेकंद ऐकायला हवं. त्या पहिल्या दहा सेकंदांसाठीचे ऑपरेटर वेगळे ठेवावेत. त्यांचं काम फक्त चाळणीचं. त्यांच्याकडे रांग लागताच कामा नये.

आणि तरीही शेवटी मुद्दा रिकाम्या खुर्च्यांपाशी येतो. अमेरिकेत ९११ साठी जो मानदंड वापरतात तो सांगतो की नव्वद टक्के फोन १५ सेकंदांच्या आत उचलले जावेत आणि पंच्याण्णव टक्के २० सेकंदांच्या आत. सरासरीचा त्यात उल्लेख नाही. आपल्या उदाहरणात चौदा ऑपरेटर बसवले, सरासरी ८ सेकंदांवर आणली, तरी आठातला एक जण १५ सेकंदांहून जास्त थांबतोच. म्हणजे नव्वद टक्क्यांची अट हुकली. पंधरावा लागतो. पंधरा माणसं म्हणजे कुठल्याही क्षणी सरासरी पाच जण हाताची घडी घालून बसलेले. एखादा पाहुणा मंत्री, एखादा लेखापरीक्षक त्या खोलीत शिरला तर पहिला प्रश्न हाच येणार: हे पाच जण काय करताहेत? त्याचं उत्तर देण्याची धमक व्यवस्थापनात हवी. ते पाच जण थांबताहेत, म्हणून फोनवरच्यांना थांबावं लागत नाही. अग्निशमन दलाचा बंब दिवसभर उभा दिसला म्हणून आपण तो विकत नाही.

असा मानदंड आपल्याला परका आहे असंही नाही. मोबाइल कंपन्यांच्या ग्राहकसेवेसाठी ट्रायनं घालून दिलेला निकष हाच सांगतो की पंच्याण्णव टक्के फोन ९० सेकंदांत माणसानं उचलावेत. म्हणजे रिचार्जचे पैसे कापले गेले या तक्रारीसाठी आपण सरासरी पुरेशी मानली नाही. मग छातीत कळ आलेल्या माणसाच्या फोनसाठी, मग ती वाहिनी सरकारी असो, कंत्राटावर दिलेली असो की एखाद्या रुग्णालयाची, आपल्या वाट्याला बहुधा वर्षभरात इतके लाख फोन घेतले, इतक्यांचे प्राण वाचवले, असेच आकडे का येतात? घेतलेल्या फोनांची संख्या सांगणं म्हणजे किती पाऊस पडला ते सांगून घरात किती पाणी शिरलं ते न सांगणं.

मी त्या यंत्रणेकडे माहिती अधिकारात अर्ज टाकला आहे. गेल्या जून ते सप्टेंबरमधल्या प्रत्येक दिवसाचा सर्वात गर्दीचा तास कोणता, त्या तासात किती फोन आले, पंधरा सेकंदांत किती उचलले गेले आणि उचलण्याआधीच किती बंद झाले, एवढंच विचारलंय. हे आकडे त्यांच्या संगणकात आपोआप साठत असतात, काढायला एक दुपार पुरे. विद्यार्थ्यांनाही सांगून ठेवलंय, उत्तर आलं की यंदाचं प्रॅक्टिकल त्यावरच.

खालच्या मजल्यावर काकूंनी मात्र आपला निष्कर्ष केव्हाच काढला आहे. त्यांच्या फ्रिजवर गॅसवाल्याच्या आणि दूधवाल्याच्या नंबरांच्या वर आता मोठ्या अक्षरांत आणखी एक नंबर चिकटवलेला आहे, त्या रिक्षावाल्याचा.